हरून परत येणारे : संकासुरापासून टीम रॉकेटपर्यंत विनोदी खलनायकांचा प्रवास

नायकाची वाट अडवणे आणि शेवटी त्याच्या हातून पराभूत होणे हे खलनायकाचे काम, असे नाट्यविचारात सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु पराभूत झालेला खलनायक पुढच्या प्रयोगात किंवा मालिकेच्या पुढच्या भागात त्याच जोमाने परत येत असेल, आणि त्याची चाहूल लागताच प्रेक्षकांच्या अंगावर काटा येण्याऐवजी खसखस पिकत असेल, तर हे पात्र त्या व्याख्येत मावत नाही. त्याचा हेतू खरोखर वाईट असतो, त्याचा पराभव आधीपासून ठरलेला असतो आणि त्याचे परत येणे सर्वांनी गृहीत धरलेले असते. जगभर या जातीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘पोकेमॉन’ या जपानी व्हिडिओ गेम आणि अ‍ॅनिमेशन मालिकेतील ‘टीम रॉकेट’ हे त्रिकूट होय. मात्र कोकणातल्या देवळांच्या आवारात याच जातीचे पात्र कितीतरी पिढ्या आधीपासून रात्री जागवत आले आहे, आणि मराठी चित्रपटानेही त्याला एक संस्मरणीय रूप दिले आहे. या साऱ्या पात्रांचा एकत्र विचार केला, तर नायक हा कथेचा असतो आणि विनोदी खलनायक हा प्रेक्षकांचा असतो, असे ठामपणे म्हणता येते.

दुष्टपणा आणि हास्य एकाच पात्रात नांदू शकतात ही जाण भारतीय रंगभूमीला जुनीच आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील शकार हा राजाचा मेहुणा पुराणकथांचे दाखले देताना रामायण-महाभारताची अशी सरमिसळ करतो की रावणाच्या तावडीत कुंती सापडते, त्याच्या अडाणी बडेजावाला प्रेक्षक हसत असतानाच तो नायिका वसंतसेनेचा गळा आवळतो, त्यामुळे आधीचे हसू घशातच अडकते. गोविंद बल्लाळ देवलांच्या रूपांतरामुळे हा शकार मराठी रंगभूमीवरही रुळला. त्याआधी, १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर करणाऱ्या विष्णुदास भावे यांच्या परंपरेतल्या पौराणिक नाटकांत राक्षसांची पात्रे आरोळ्या ठोकत, थयथयाट करीत रंगमंचावर येत, आणि त्या आरोळ्यांवरून पुढे या नाटकांना ‘अललडुर्र’ नाटके असे नावच पडले. तरीही शकार एका नाटकापुरता राहतो आणि अललडुर्र राक्षस हा एक साचा राहतो. नावागावासह पुन्हा पुन्हा परतणारा गडी शोधायचा असेल, तर दशावताराकडेच वळावे लागते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात आणि गोव्यात ग्रामदेवतांच्या जत्रांमध्ये कार्तिकापासून पुढे रात्रभर रंगणारा दशावतार दोन भागांत विभागलेला असतो. ‘उत्तररंग’ म्हणजे त्या रात्रीचे पौराणिक आख्यान, जे दर प्रयोगाला बदलते. त्याआधीचा ‘पूर्वरंग’, ज्याला ‘आडदशावतार’ असेही म्हणतात, तो ठरीव असतो आणि त्यात सूत्रधार, गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, ब्रह्मदेव, विष्णू ही पात्रे येतात. याच पूर्वरंगात संकासुर येतो. पुराणातला शंखासुर ब्रह्मदेवाचे वेद पळवतो आणि मत्स्यावतारी विष्णू त्याचा वध करतो, एवढाच या प्रवेशाचा कथाभाग आहे. आणि वेदांची चोरी ही पौराणिक हिशेबाने विश्वाची घडी विसकटणारी घटना असल्यामुळे हा असुर भयंकर असायला हवा, हे उघड आहे. रंगमंचावर मात्र नखशिखांत काळ्या वेषातला हा असुर मालवणी बोलीत सूत्रधाराशी हुज्जत घालतो, विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देतो, समोर बसलेल्या गावकऱ्यांची थट्टा करतो, आणि देव अलंकारिक भाषेत बोलत असताना हा मात्र घरच्या भाषेत बोलतो.

या भाषाभेदात या पात्राचे सारे बळ आहे. दशावतारातील संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरवून घेऊन नट ते उत्स्फूर्तपणे रचत जातात. तरीही देवाच्या तोंडी काय शोभते आणि काय शोभत नाही याची मर्यादा प्रत्येक नटाला पाळावीच लागते, विष्णूला गावच्या भानगडींवर बोलता येत नाही आणि ब्रह्मदेवाला भुकेची तक्रार करता येत नाही. संकासुराला ही मर्यादा नाही, कारण तो असुर आहे, अमर्याद वागणे हाच त्याचा धर्म आहे आणि शेवटी त्याला शिक्षा होणारच आहे. म्हणून त्या वर्षीची, त्या गावातली, त्या रात्रीची ताजी गोष्ट नाटकात आणण्याचा परवाना एकट्या त्याच्याकडे असतो. विष्णू त्याला मारतो, वेद परत मिळतात, आख्यानाला सुरुवात होते. आणि पुढच्या जत्रेत, पुढच्या गावात संकासुर वेद चोरायला पुन्हा हजर होतो. रत्नागिरी जिल्ह्यातील शिमग्याच्या खेळांत आणि नमनातही तो दिसतो. तिथे काळा पायघोळ अंगरखा, डोक्यावर उंच निमुळती टोपी आणि कमरेला वाजणाऱ्या घंटा असे त्याचे रूप असते. तो अंगावर आला की मुले किंचाळत पळतात आणि थोड्याच वेळात स्वतःहून त्याच्या मागे धावतात. भीती आणि ओढ यांचे हे लपंडावासारखे नाते सर्वच विनोदी खलनायकांच्या मुळाशी आहे.

मराठवाड्यात या गोष्टीला निराळे वळण मिळालेले दिसते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण ही सोळाव्या शतकातील संत एकनाथांची कर्मभूमी, आणि त्यांनी लोककलांतील सोंगे उचलून रचलेल्या भारुडांमध्ये वाईटाचे विनोदी रूप विपुल आहे. परंतु तिथे वाईट हे बहुधा व्यक्ती नसते, ते माणसाला जडलेले लचांड असते. विंचवाच्या भारुडात नांगी मारणारे काम-क्रोध असतात, भूत अंगात शिरते, आणि सोंगी भारूड सादर करणारा कलावंत वेदनेने लोळण घेत असताना भोवतालचे लोक हसता हसता त्या वेदनेचा अर्थ उमजून घेतात. दुसरीकडे, फौजदाराचा वेष करून दारात दरडावणारे आणि खोट्या गुन्ह्यांची लांबलचक यादी ऐकवणारे बहुरूपी हे सत्तेच्या दंडुक्यालाच विनोदी करून टाकत. संकासुराला ज्याप्रमाणे एक ठरलेली कथा आणि ठरलेला वध मिळाला, तसा या सोंगांना मिळाला नाही, म्हणून ती खलनायकाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबली.

दशावताराच्या मंचामागची धांदल हाच विषय करून गंगाराम गवाणकर यांनी लिहिलेले आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या तात्या सरपंचामुळे गाजलेले ‘वस्त्रहरण’ हे नाटक १९८० मध्ये रंगभूमीवर आले, आणि कौरवांची दुष्टाई गावच्या हौशी नटांच्या तोंडी पडल्यावर कशी लटपटते हे त्याने हजारो प्रयोगांतून शहरी प्रेक्षकांना दाखवले.

चित्रपटात हे काम महेश कोठारे यांनी केले, आणि त्याची पुरेशी दखल मराठी समीक्षेने घेतलेली नाही. ‘थरथराट’ (१९८९) मधील टकलू हैवान, ‘धडाकेबाज’ (१९९०) मधील कवट्या महाकाळ, ‘झपाटलेला’ (१९९३) मधील तात्या विंचू आणि ‘पछाडलेला’ (२००४) मधील इनामदार भुसनळे ही नुसती नावे उच्चारली तरी या दिग्दर्शकाची जाण कळते. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या नावावरून बेतलेले कवट्या महाकाळ हे नाव कानाला भयंकरही वाटते आणि मुलांना खेळताना एकमेकांना ठेवण्याजोगेही वाटते. या सर्वांत टिकाऊ ठरला तो तात्या विंचू. कल्पनेचे बीज ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी भयपटातले असले, तरी तिथली बाहुली रक्तपाताकडे जाते आणि इथला बाहुला वगनाट्याच्या अंगाने जातो. पोलिसांच्या गोळीने मरता मरता बाबा चमत्कारकडून मिळवलेल्या मंत्राच्या बळावर हा गुंड एका बोलक्या बाहुल्यात शिरतो, आणि तो बाहुला लक्ष्मीकांत बेर्डे यांनी साकारलेल्या लक्ष्या या भोळ्या शब्दभ्रमकाराच्या, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याच्या तोंडून बोलणाऱ्या कलावंताच्या, हाती पडतो.

ही योजना किती चतुर आहे हे जवळून पाहण्याजोगे आहे. शब्दभ्रमकाराचा बाहुला बोलला, तर त्यात कोणालाच नवल वाटत नाही. म्हणून बाहुला जिवंत आहे हे लक्ष्या जितके कळवळून सांगतो, तितके लोक त्याला वेडा ठरवतात, आणि खरे काय ते माहीत असलेला एकमेव समुदाय म्हणजे चित्रपटगृहातला प्रेक्षक. भीती त्या अविश्वासातून निर्माण होते, तर हसू त्या गुंडाच्या नव्या आकारातून येते, कारण अंडरवर्ल्ड हादरवणाऱ्या माणसाला आता दाराची कडी काढायलाही धडपडावे लागते. मानवी तात्या विंचू दिलीप प्रभावळकरांनी रंगवला आणि बाहुल्याला आवाजही त्यांनीच दिला. बाहुल्याची घडण आणि हालचाल रामदास पाध्ये यांची, ज्यांच्या घराण्यात वडील य. के. पाध्ये यांच्या अर्धवटरावापासून ही कला चालत आली होती. त्यामुळे प्रभावळकरांच्या आवाजातली जरब आणि पाध्ये यांच्या बोटांतला खट्याळपणा एका लाकडी चेहऱ्यावर एकत्र आले. बेर्डे यांचे २००४ मध्ये निधन झाले, आणि २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला तेव्हा नायकाच्या जागी पुढच्या पिढीतले आदिनाथ कोठारे होते. खलनायक मात्र तोच होता, त्याच चेहऱ्याचा आणि त्याच आवाजाचा.

टीम रॉकेटची घडण याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. ‘पोकेमॉन’चा आरंभ फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावरच्या खेळाने झाला, आणि त्या खेळातली टीम रॉकेट ही मुळीच विनोदी नव्हती. ती जिओव्हानी नावाच्या म्होरक्याची गुन्हेगारी टोळी होती. जुगाराच्या अड्ड्याखाली तिचा तळ होता, सिल्फ या मोठ्या कंपनीची इमारत ती ताब्यात घेते, आणि एका पिल्लाची आई तिच्या हातून मारली जाते. एप्रिल १९९७ मध्ये दूरचित्रवाणीवर मालिका सुरू झाली, तिच्या दुसऱ्याच भागात या टोळीचे जेसी, जेम्स आणि माणसासारखे बोलणारे मांजर म्याउथ असे तीन सदस्य आले आणि सगळा रंग पालटला. जेसी आणि जेम्स यांची मूळ जपानी नावे मुसाशी आणि कोजिरो अशी आहेत. सतराव्या शतकात द्वंद्वयुद्ध खेळलेल्या दोन नामांकित तलवारबाजांची ही नावे दोन भुरट्या चोरांना दिलेली पाहून जपानी प्रेक्षक आधीच हसू लागतो.

एक स्त्री आणि दोन साथीदार, त्यांची हास्यास्पद यंत्रे आणि दर भागाअखेरची फजिती हा ढाचा जपानमध्ये ‘याटरमॅन’ (१९७७) या मालिकेने आधीच रुळवला होता. पोकेमॉनच्या लेखकांनी, विशेषतः प्रमुख लेखक ताकेशी शुदो यांनी, त्यात विधीची भर घातली. त्रिकूट वेषांतर करून येते, खड्डा खणते किंवा यंत्र आणते, ओळख पटल्यावर पवित्रा घेऊन आपली घोषणा तालात म्हणते, नायकाचा पिकाचू हा वीज सोडणारा सोबती प्राणी पळवू पाहते, विजेचा झटका खाते आणि आकाशात भिरकावले जाऊन एक लुकलुकता ठिपका होते. पूर्वरंगाइतकाच ठरीव असलेला हा क्रम मुलांना पाठ असतो, आणि तो पाठ असणे हाच त्यातला आनंद असतो. या चौकटीच्या आत मात्र लेखकांनी कमालीची माया ओतली आहे. जेम्स श्रीमंत घर आणि लादलेले लग्न सोडून पळालेला आहे, जेसीचे परिचारिका होण्याचे स्वप्न मोडलेले आहे, आणि म्याउथ माणसासारखे बोलायला शिकला तो एका मांजरीवरच्या प्रेमापायी, जिने त्यानंतरही त्याला झिडकारले. उपाशी पोटी, उसनवारी आणि किरकोळ नोकऱ्या करीत हिंडणारे हे तिघे एकमेकांना कधी सोडत नाहीत. या तिघांची लोकप्रियता एवढी वाढली की १९९८ च्या ‘पोकेमॉन यलो’मध्ये ते मालिकेतून उलट खेळात शिरले.

१९९९ च्या दुसऱ्या चित्रपटात हे तिघे नायकाला वाचवण्यासाठी हातचा आधार सोडून समुद्रात झोकून देतात. शेवटी, आपला चांगुलपणा कोणीच पाहिला नाही अशी खंत त्यांना वाटते, तेव्हा स्लोकिंग हे पात्र सरळ पडद्याबाहेर, प्रेक्षकांकडे निर्देश करते. या जातीच्या पात्रांबद्दल याहून नेमके काही त्या मालिकेतही पुन्हा सांगितले गेले नाही. उलट, २०१० मध्ये सुरू झालेल्या पर्वात त्यांना काही काळ गंभीर आणि कार्यक्षम करून पाहिले गेले, घोषणा कोरडी झाली, आकाशात भिरकावणे थांबले. टीम रॉकेट हुशार झाली आणि अनोळखी झाली. पुढच्या पर्वात तिला जुन्या वळणावर आणावे लागले. २०२३ मध्ये मूळ नायकाची कथा संपली, तेव्हा नव्या नायकांसोबत नवे खलनायक आले आणि या तिघांनाही रजा मिळाली.

महाराष्ट्रातल्या मुलांनी ही मालिका २००३ पासून हिंदी आवाजात पाहिली. मुंबईच्या कॉसमॉस-माया या संस्थेने घडवलेल्या आणि २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘मोटू पतलू’मध्ये डॉन होण्याची हाव धरणारा जॉन आणि त्याचे नंबर वन, नंबर टू हे साथीदार याच साच्यातले आहेत, पण चोरीपलीकडे त्यांना आयुष्य दिलेले नाही, त्यामुळे त्यांच्या फजितीला हसता येते, त्यांची काळजी करता येत नाही. लेखन अधिक कष्टाने झाले असते, तर तिथेही एखादा तात्या विंचू सापडला असता.

मूळ पुरुषाची स्थिती मात्र चिंतेची आहे. रात्रभराचा खेळ आखडत चालल्यामुळे अनेक ठिकाणी आडदशावतार थोडक्यात उरकला जातो किंवा गाळून थेट आख्यान सुरू होते, आणि कात्री प्रथम लागते ती संकासुराच्या हुज्जतीलाच. आख्यानांच्या कथा पुराणांत छापलेल्या आहेत. संकासुराची उत्तरे कुठेच छापलेली नाहीत, ती एका नटाच्या तोंडून दुसऱ्याने उचललेली असतात. म्हणून जुन्या नटांकडून हा प्रवेश काटछाट न करता, गावागावांतल्या फरकांसह, आणि शक्यतो जत्रेच्या प्रेक्षकांसमोरच चित्रित करून घेणे निकडीचे आहे. रिकाम्या सभागृहात तो पुरता उभा राहणार नाही, कारण त्याची निम्मी वाक्ये समोरच्या माणसांना उद्देशून असतात.