आरोग्य बचत खाते

आरोग्य बचत खाते हे अमेरिकेत वैद्यकीय खर्चासाठी पैसे साठविण्याचे करसवलत असलेले वैयक्तिक खाते आहे. तेथे ते हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट किंवा संक्षेपाने एचएसए या नावाने ओळखले जाते. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ८ डिसेंबर २००३ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ही तरतूद केली व ती १ जानेवारी २००४ पासून अमलात आली. खात्यात भरलेली रक्कम संघीय करपात्र उत्पन्नात धरली जात नाही, तिच्यावरील व्याज करमुक्त असते आणि पात्र वैद्यकीय खर्चासाठी काढलेल्या रकमेवरही कर लागत नाही. कॅलिफोर्निया व न्यू जर्सी ही राज्ये मात्र आपल्या राज्य आयकरात ही सवलत देत नाहीत.

पात्रता

खाते असले म्हणजे त्यात पैसे भरता येतातच असे नाही. पात्रता दर महिन्याच्या पहिल्या दिवसाच्या स्थितीवरून ठरते. त्या दिवशी व्यक्तीकडे उच्च डिडक्टिबल असलेला आरोग्य विमा असावा लागतो. विमा कंपनीने खर्च उचलण्यापूर्वी विमाधारकाने स्वतः भरावयाच्या वार्षिक रकमेस डिडक्टिबल म्हणतात. २०२५ साठी ती एका व्यक्तीच्या विम्यात किमान १,६५० डॉलर व कौटुंबिक विम्यात ३,३०० डॉलर होती. याशिवाय अन्य सर्वसाधारण आरोग्य विमा नसावा, मेडिकेअरमध्ये नोंदणी नसावी आणि ती व्यक्ती दुसऱ्या करदात्याची अवलंबित नसावी. दात, डोळे किंवा अपघात यांपुरता वेगळा विमा चालतो.

वार्षिक मर्यादा

२०२५ साठी अंशदानाची मर्यादा एका व्यक्तीच्या विम्यास ४,३०० डॉलर व कौटुंबिक विम्यास ८,५५० डॉलर होती. ५५ वर्षे पूर्ण झालेल्यांस १,००० डॉलर अधिक भरता येतात. वर्षातील काही महिनेच पात्रता असल्यास मर्यादा सामान्यतः त्याच प्रमाणात घटते.

मेडिकेअर आणि पूर्वलक्षी नोंदणी

पासष्टीनंतरही नोकरी करणाऱ्यांच्या बाबतीत पात्रतेचा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. उशिरा अर्ज केल्यास मेडिकेअरचा विनाहप्ता ‘भाग अ’ सहा महिन्यांपर्यंत मागील तारखेपासून लागू होतो. उदाहरणार्थ, ६६ वर्षांच्या, केवळ स्वतःपुरता विमा असलेल्या कर्मचाऱ्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये अर्ज केल्यास त्याचे संरक्षण एप्रिलपासून धरले जाते. त्यामुळे तो जानेवारी ते मार्च एवढ्याच काळात पात्र ठरतो व त्याची मर्यादा ५,३०० डॉलरच्या तीन-बारांश, म्हणजे १,३२५ डॉलर होते. सप्टेंबरपर्यंतची मर्यादा गृहीत धरून त्याने ३,९७५ डॉलर भरले असल्यास, भरताना नियमात बसणारे २,६५० डॉलर नंतर अतिरिक्त ठरतात.

कर विवरणपत्र

खात्यातील अंशदान व काढलेली रक्कम नमुना ८८८९ मध्ये दाखवून तो नमुना १०४० सोबत जोडावा लागतो. नियोक्त्यामार्फत झालेले अंशदान डब्ल्यू-२ पत्रकाच्या रकाना १२ मध्ये ‘डब्ल्यू’ या संकेताने नोंदलेले असते. त्याची पुन्हा वजावट घेता येत नाही. एखाद्या वर्षाचे अंशदान पुढील वर्षी विवरणपत्राच्या मूळ मुदतीपर्यंत, साधारणतः १५ एप्रिलपर्यंत, भरता येते.

अतिरिक्त अंशदान खात्यात राहील तोवर त्यावर दरवर्षी ६ टक्के कर लागतो. वरील उदाहरणात तो १५९ डॉलर होईल. विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी ती रक्कम तिच्यावरील कमाईसह काढून घेतल्यास हा कर टळतो. अन्य कारणासाठी काढलेल्या रकमेवर आयकराशिवाय २० टक्के जादा कर आहे; वयाच्या ६५ व्या वर्षानंतर हा जादा कर लागत नाही.