प्रवर्तक-नेतृत्व (सार्वजनिक कंपन्यांतील)

प्रवर्तक-नेतृत्व : एखाद्या कंपनीचे भाग (शेअर) जनतेला विकले गेल्यानंतर व भागबाजारात त्यांची नोंदणी झाल्यानंतरही, ती स्थापन करणाऱ्या व्यक्तीनेच तिचे नेतृत्व करीत राहणे. भारतीय कायद्याच्या व बाजाराच्या परिभाषेत संस्थापकास ‘प्रवर्तक’ म्हणतात. मात्र या संज्ञेत त्याचे कुटुंबीय, वारस व त्यांच्या ताब्यातील धारक कंपन्या यांचाही समावेश होतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पहिल्या पिढीतील संस्थापकांचा विचार केला आहे.

खाजगी कंपनीचा संस्थापक हा बहुधा तिचा मालक व व्यवस्थापक असा दोन्ही असतो. नफा वाटून घ्यावा की यंत्रसामग्रीत घालावा, तोट्याचा उद्योग आणखी किती वर्षे चालवावा, हे ठरविताना त्याला फारसे कोणाला विचारावे लागत नाही. भागविक्रीनंतर ही स्थिती पालटते. मालकी हजारो, कधी लाखो भागधारकांत विभागली जाते. भागधारक आपल्या मतांनी संचालक मंडळ निवडतात आणि संचालक मंडळ मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची नेमणूक करते. ज्याने कंपनी उभारली तो अशा रीतीने तत्त्वतः तिचा नोकर ठरतो. शिवाय बाजार त्याच्या कामगिरीवर दररोज किंमत लावीत असतो आणि दर तीन महिन्यांनी हिशेब जाहीर करावा लागतो. भांडवलाची गरज, आरंभीच्या अर्थपुरवठादारांना त्यांचे पैसे मोकळे करून देण्याची निकड आणि नोकरवर्गाला दिलेल्या भागांना बाजारमूल्य मिळवून देणे, या कारणांसाठी संस्थापक हे बंधन पत्करतात. भाग विकताना आपण भांडवलाच्या मोबदल्यात नेमके काय दिले, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात फार उशिरा येते.

अमेरिकेतील हेन्री फोर्ड (१८६३–१९४७) याची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. फोर्ड मोटर कंपनी १९०३ मध्ये स्थापन झाली. तिचे भाग त्या काळी बाजारात नोंदलेले नव्हते व भागधारकही मोजकेच होते. तरीही भागधारकांना उत्तरदायी असणे म्हणजे काय, हा प्रश्न तिच्याच बाबतीत प्रथम ठळकपणे पुढे आला. १९१६ मध्ये फोर्डने विशेष लाभांश देणे थांबविले, मोटारीची किंमत ४४० डॉलरांवरून ३६० डॉलरांवर आणली आणि शिलकीचा पैसा नव्या कारखान्यात घालण्याचे ठरविले. कंपनीत १० टक्के हिस्सा असलेले डॉज बंधू याविरुद्ध न्यायालयात गेले. मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्ये निर्णय दिला, की कंपनी मुख्यतः भागधारकांच्या लाभासाठी चालवावयाची असते; आणि सु. १ कोटी ९३ लक्ष डॉलर लाभांश वाटण्याचा आदेश कायम केला. कारखाना वाढविण्याच्या योजनेत मात्र न्यायालयाने हात घातला नाही. व्यवसायाचे निर्णय घेणे हे न्यायाधीशांचे काम नव्हे, अशी त्याची भूमिका होती. निर्णयाचा हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा असूनही तो क्वचितच सांगितला जातो.

फोर्डने यावर काढलेला तोडगा त्याच्या स्वभावाला साजेसा होता. १९१८ च्या अखेरीस त्याने अध्यक्षपद सोडले, आपण अधिक स्वस्त मोटार काढणारी नवी कंपनी स्थापणार असल्याचा बोलबाला केला आणि धास्तावलेल्या इतर भागधारकांचे सर्व भाग १९१९ मध्ये सु. १०·६ कोटी डॉलरांना विकत घेऊन टाकले. भागधारकच उरले नाहीत, तेव्हा त्यांना उत्तर देण्याचाही प्रश्न उरला नाही. बाजारातून कंपनी परत घेण्याचा हा मार्ग पुढेही काहींनी अनुसरला. संगणकनिर्माता मायकेल डेल याने २०१३ मध्ये अर्थपुरवठादारांच्या साहाय्याने सु. २,५०० कोटी डॉलरांना आपली कंपनी खाजगी करून घेतली व २०१८ मध्ये ती पुन्हा बाजारात आणली.

ज्याच्याजवळ असा पैसा नसतो, किंवा मतांचे पुरेसे बळ नसते, त्याची अवस्था ॲपलच्या स्टीव्ह जॉब्झसारखी (१९५५–२०११) होऊ शकते. ॲपलची भागविक्री डिसेंबर १९८० मध्ये २२ डॉलर दराने झाली. जॉब्झने १९८३ मध्ये स्वतःच आग्रहाने आणलेला मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन स्कली याच्याशी त्याचे बिनसले, तेव्हा १९८५ मध्ये संचालक मंडळाने स्कलीची बाजू घेतली. सु. ११ टक्के भाग हाती असूनही जॉब्झला कंपनी सोडावी लागली. १९९७ मध्ये कंपनी डबघाईस आलेली असताना तो परतला व पुढे तिचा उत्कर्ष झाला, हे सर्वश्रुत आहे. यावरून संचालक मंडळाचा १९८५ चा निर्णय चुकीचाच होता असे अनुमान काढण्यात येते. परंतु बारा वर्षांनी परतलेला जॉब्झ हा अपयश भोगून व दुसऱ्या दोन कंपन्या चालवून आलेला मनुष्य होता.

मताधिकार व नियंत्रण : काढून टाकले जाण्याच्या या शक्यतेवर कायदेशीर उपाय म्हणजे असमान मताधिकाराचे भाग. याचे मोठे उदाहरणही फोर्ड घराण्याचेच आहे. जानेवारी १९५६ मध्ये फोर्ड प्रतिष्ठानाने कंपनीचे सु. १ कोटी २ लक्ष भाग प्रत्येकी ६४·५० डॉलरांना जनतेला विकले; पण घराण्याच्या ताब्यातील ‘ब’ वर्गाच्या भागांना एकूण ४० टक्के मते राखून ठेवण्यात आली. गूगलच्या संस्थापकांनी २००४ मध्ये भागविक्री करताना आपल्या भागांना प्रत्येकी दहा मते ठेवली व अल्पमुदतीच्या नफ्याचे अंदाज बाजाराला देणार नाही, असे आधीच बजावले. फेसबुकचा (नंतरचे नाव मेटा) मार्क झकरबर्ग याचाही मार्ग हाच. त्याचा भांडवलातील हिस्सा सु. १३ टक्के असला, तरी निम्म्याहून अधिक मते त्याचीच आहेत.

अशा व्यवस्थेचे समर्थक म्हणतात, की तिच्यामुळे संस्थापक दूरवरचा विचार करू शकतो. आक्षेप असा, की जी भिंत त्याला बाजाराच्या उतावीळपणापासून वाचविते, तीच त्याच्या चुका सुधारण्याचा मार्गही अडविते. २०२२ मध्ये मेटाच्या भागाची किंमत वर्षभरात सु. दोन-तृतीयांशाने घसरली; आभासी जगाच्या प्रकल्पावरील अवाढव्य खर्चाबद्दल गुंतवणूकदारांनी उघड नाराजी व्यक्त केली, परंतु मतदानाने ते काहीही करू शकत नव्हते. नोकरवर्गात व खर्चात कपात करण्याचा निर्णय अखेर झकरबर्गनेच घेतला आणि २०२३ मध्ये भागाची किंमत जवळजवळ तिपटीवर गेली. या प्रसंगातून दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीचा निष्कर्ष काढला.

असमान मताधिकाराखेरीजही संस्थापक टिकू शकतो. ॲमेझॉनमध्ये एका भागाला एकच मत असते. १९९७ मध्ये भागविक्री झाल्यावर जेफ बेझॉस याने पहिल्याच वार्षिक पत्रात भागधारकांना कळविले, की आपण दीर्घकालीन विचार करणार आहोत. आणि तेच पत्र तो पुढे दरवर्षी नव्या पत्रासोबत छापीत राहिला. १९९९ च्या अखेरीपासून २००१ पर्यंत भागाची किंमत ९० टक्क्यांहून अधिक कोसळली, तरी त्याचे स्थान ढळले नाही. कंपनीला पहिला तिमाही नफा २००१ च्या अखेरच्या तिमाहीत झाला. अर्थात तेव्हा त्याचा स्वतःचा हिस्साही भक्कम होता, हे नजरेआड करता येत नाही.

भारतातील स्थिती : भारतात या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. व्यवस्थापन अभिकरण पद्धतीत (मॅनेजिंग एजन्सी) एखादी पेढी कराराने अनेक कंपन्यांचा कारभार पाही. तिचे नियंत्रण भागांच्या संख्येवर नव्हे, तर करारावर अवलंबून असे. ही पद्धती ३ एप्रिल १९७० पासून रद्द झाली. त्यानंतर थोड्याशा भागांवर मोठ्या कंपन्या चालविणारे प्रवर्तक उघड्यावर पडले. सरकारी वित्तसंस्थांजवळील मोठा भागसाठा त्यांच्या बाजूने राही, एवढाच त्यांना आधार होता. हा आधार किती डळमळीत आहे, ते १९८३ मध्ये दिसून आले. लंडनस्थित उद्योगपती स्वराज पॉल यांनी एस्कॉर्ट्‌स कंपनीचे भाग बाजारात खरेदी केले, तेव्हा संस्थापक एच. पी. नंदा यांच्या घराण्याकडे सु. ५ टक्केच भाग होते, तर वित्तसंस्थांकडे निम्म्याहून अधिक. कंपनीने नव्या खरेदीदाराच्या नावे भाग नोंदविण्यास नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि संचालक बदलण्याचा भागधारकांचा हक्क न्यायालयाने डिसेंबर १९८५ मध्ये मान्य केला. पॉल यांना कंपनी मिळाली नाही, पण या धसक्याने देशभरच्या प्रवर्तकांनी आपला हिस्सा वाढविण्यास सुरुवात केली.

धीरूभाई अंबानी (१९३२–२००२) यांनी बाजाराचे भय बाळगण्याऐवजी त्यालाच आपली शक्ती बनविले. रिलायन्सने १९७७ मध्ये २८ लक्ष भाग दहा रुपये दर्शनी किमतीलाच विकले. पुढे परिवर्तनीय ऋणपत्रे काढून बँकांऐवजी लहान बचतदारांकडून भांडवल उभारण्याची रीत तिने रूढ केली. १९८२ मध्ये मंदीवाल्या दलालांनी रिलायन्सचे भाग हाती नसताना विकले. धीरूभाईंच्या बाजूच्या दलालांनी ते सर्व घेतले व प्रत्यक्ष भागांची मागणी केली. या पेचात मुंबईचा भागबाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. गुजरात-महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय भागधारकांची निष्ठा या काळात घट्ट झाली. ऐंशीच्या दशकात कंपनीच्या वार्षिक सर्वसाधारण सभा मुंबईच्या मैदानांवर भरत. मात्र हा विश्वास व्यक्तीवर होता. धीरूभाईंनी मृत्युपत्र केले नव्हते. त्यांच्या पश्चात दोन पुत्रांत निर्माण झालेला वाद २००५ मध्ये उद्योगसमूहाची विभागणी होऊन मिटला आणि त्या काळात लाखो भागधारकांना एका कुटुंबातील तडजोडीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

इन्फोसिसची कथा याच्या उलट, म्हणजे संस्थापकांनी जाणीवपूर्वक अधिकार सोडण्याची आहे. आणि म्हणूनच तिचा उत्तरार्ध विचार करण्याजोगा आहे. ही कंपनी १९८१ मध्ये पुणे येथे सात अभियंत्यांनी १०,००० रुपयांवर सुरू केली. १९८३ मध्ये ती बंगलोरला गेली. फेब्रुवारी १९९३ मध्ये दहा रुपये दर्शनी किमतीचा भाग ९५ रुपयांना देऊ केला असता पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत. तेव्हा मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी वित्तसंस्थेने सु. १३ टक्के हिस्सा घेतल्याने भागविक्री पार पडली. एन. आर. नारायण मूर्ती यांनी हिशेब पारदर्शक ठेवण्यावर व नोकरवर्गाला भाग देण्यावर भर दिला. १९९९ मध्ये अमेरिकेतील नॅसडॅक बाजारात नोंदली गेलेली ही पहिली भारतीय कंपनी होय. बाजाराने तिलाही सवलत दिली नाही. एप्रिल २००३ मध्ये पुढील वर्षाचा अंदाज अपेक्षेपेक्षा कमी येताच भागाची किंमत एका दिवसात सु. एक-चतुर्थांशाने घसरली.

मूर्ती यांच्यानंतर २००२ ते २०१४ या काळात नंदन नीलेकणी, क्रिस गोपालकृष्णन व एस. डी. शिबुलाल या सहसंस्थापकांनी क्रमाने सूत्रे सांभाळली. वाढ मंदावल्यामुळे २०१३ मध्ये मूर्ती यांना परत बोलावण्यात आले. २०१४ मध्ये विशाल सिक्का हे संस्थापकांबाहेरचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्यानंतर एका माजी अधिकाऱ्याला दिलेली रक्कम व एका कंपनीची खरेदी यांवरून मूर्ती यांनी संचालक मंडळावर जाहीर टीका केली. ऑगस्ट २०१७ मध्ये सिक्का यांनी राजीनामा दिला, मंडळाने त्याचा दोष मूर्ती यांच्या टीकेला दिला आणि भागाची किंमत त्या दिवशी जवळजवळ १० टक्क्यांनी उतरली. आठवड्याभरात नीलेकणी अध्यक्ष म्हणून परतले. संस्थापक व त्यांच्या कुटुंबीयांकडे तेव्हा सु. १३ टक्केच भाग होते; परंतु त्यांच्या शब्दाचे वजन त्याहून पुष्कळ अधिक होते. भागाचे प्रमाण आणि नैतिक अधिकार यांतील हे अंतर कोणत्याही कंपनी कायद्यात बसविता येत नाही. पद सोडलेल्या संस्थापकाने जागल्याची भूमिका घ्यावी की मौन पाळावे, याविषयी त्या वेळी झालेली चर्चा अनिर्णितच राहिली.

जागल्या मुळीच नसल्यास काय होते, ते सत्यम कॉम्प्यूटर्सच्या प्रकरणात दिसते. संस्थापक रामलिंग राजू यांचा हिस्सा घटत १० टक्क्यांखाली आला होता. डिसेंबर २००८ मध्ये त्यांनी कंपनीच्या पैशांतून आपल्याच कुटुंबाच्या दोन बांधकाम कंपन्या विकत घेण्याचा घाट घातला. नामवंत स्वतंत्र संचालक असलेल्या मंडळाने त्यास संमतीही दिली. भागधारकांच्या उद्रेकामुळे तो काही तासांतच मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी राजू यांनी ५,००० कोटी रुपयांहून अधिक रोकड केवळ कागदावरच असल्याची कबुली दिली. केंद्र सरकारने नवे मंडळ नेमले व एप्रिल २००९ मध्ये पुण्याच्या टेक महिंद्रने ही कंपनी घेतली. राजू यांना २०१५ मध्ये न्यायालयाने दोषी ठरविले.

नियमन : सूचिबद्ध कंपन्यांत जनतेचा किमान २५ टक्के हिस्सा असावा, असा नियम २०१० मध्ये झाला. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक ही पदे वेगळी करण्याची शिफारस २०१७ मध्ये उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. सेबीने तो नियम केला, लांबणीवर टाकला आणि २०२२ मध्ये ऐच्छिक ठरविला. प्रवर्तकांचा विरोध हे त्याचे उघड कारण होय. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँक अधिक कठोर आहे. प्रवर्तकास मुख्य कार्यकारी पदावर साधारणपणे १२ वर्षे, विशेष अनुमतीने १५ वर्षे राहता येईल, असा आदेश तिने २०२१ मध्ये काढला. कोटक महिंद्र बँकेचे संस्थापक असलेले स्वतः कोटक १ सप्टेंबर २०२३ रोजी पदावरून दूर झाले. दुसरीकडे, तंत्रज्ञानाधिष्ठित नव्या कंपन्यांच्या संस्थापकांना श्रेष्ठ मताधिकाराचे भाग ठेवण्याची मुभा सेबीने २०१९ मध्ये दिली. अशा भागास जास्तीत जास्त दहा मते असू शकतात. नोंदणीनंतर पाच वर्षांनी ते सामान्य भागांत परिवर्तित होतात व ही मुदत एकदाच पाच वर्षांनी वाढविता येते. स्वतंत्र संचालकांची किंवा हिशेबतपासनिसांची नेमणूक, तसेच संबंधितांशी होणारे व्यवहार यांसंबंधी मतदान करताना मात्र त्या भागालाही एकच मत असते.