अंगणातले नमन

वसंत आला की शनिवार-रविवारी शहरात कार्यक्रमांची रीघ लागते. त्यांतच मुंबईच्या एखाद्या नाट्यगृहात रत्नागिरीकडचे नमन असते. आपण तिकीट काढतो, दोन-तीन तास हसतो आणि घरी येतो. पण नमन मुळात तिकिटाचा खेळ नव्हे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते आणि तिच्यासंगे खेळे निघतात. अंगणात मृदंग घुमतो. आरंभी देवांना वंदन, मग गण, मग गौळण. तीत कृष्ण वाट अडवतो नि मावशी त्याला चार शब्द सुनावते. काळ्या झग्यातला, उंच टोपीचा संकासूर पोरांना पळवतो. शेवटी वग.

येथे प्रेक्षक वेगळा नसतो. ज्याच्या अंगणात खेळ, त्याच्याच घरी पालखीची पूजा असते. चाकरमानी रजा काढून गावी जातो, तो याचसाठी. त्यानेच नमन मुंबईस आणले, हे उपकारच म्हणायचे. रंगमंचावर गौळण येते, वग येतो. अंगण मात्र येत नाही. म्हणून नाट्यगृहातले नमन आपण अवश्य पाहावे, पण एखाद्या शिमग्याला गावच्या अंगणातही जाऊन बसावे. अंगणे ओस पडली, तर उद्या मुंबईला खेळे मिळणार कोठून?