पेरणीयंत्राच्या चाकाला बुश बरा की बेअरिंग?



गेल्या खरिपात पेरणीनंतर सातव्या दिवशी एका सभासदांचा फोन आला. "मॅडम, एका पट्ट्यात सोयाबीन उगवलंच नाही. बियाणं खराब दिसतंय." जाऊन ओळ उकरून पाहिली, तर मातीत दाणाच नव्हता! मग त्यांना आठवलं, त्या दिवशी पेटीत बियाणं नेहमीपेक्षा जास्त उरलं होतं.

दोष चाकाचा होता. जमिनीवरून फिरणारं चाकच साखळीने बियाणं सोडणारा रोलर फिरवतं. चाक अडून घासत गेलं, की यंत्र पुढे जातं पण दाणा पडत नाही. त्यांनी उन्हाळ्यात बुश काढून उघडं बेअरिंग बसवून घेतलं होतं. ओल्या काळ्या मातीचा चिखल आत शिरला आणि चाक जाम झालं.

*बुश वाईट नाही*
पेरताना ट्रॅक्टर ताशी ४ किमी चालला, तर ४० सेंमी व्यासाचं चाक मिनिटाला जेमतेम ५०-५५ फेरे घेतं. एवढ्या हळू कामाला ग्रीस भरलेला बुश पुरतो. झिजला तर लेथवर नवा करून मिळतो. मात्र सकाळी आणि दुपारी ग्रीस द्या. जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा आणि पुसून घ्या. धुरा खाल्लेला असेल तर नवा बुशही डुगडुगणारच. आधी धुरा बघा.

*बेअरिंग कुठे हवं?*
रस्त्यावर ओढत न्यायच्या फवारणी गाड्याला. तेच चाक ताशी २० किमीने पळालं तर फेरे पाचपट होतात, बुश तापतो.

*बेअरिंग बसवताना*
✅ नंबरापुढे '२आरएस' बघून घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. 'झेडझेड'ला पत्र्याचं झाकण असतं, ते चिखल-पाणी अडवत नाही.
✅ ६२०४ म्हणजे २० मिमी धुरा, ६२०५ म्हणजे २५ मिमी.
✅ दोन बेअरिंगच्या मध्ये, आतल्या कड्यांना टेकणारी नळी घाला. नसेल तर नट आवळताच चाक जड होतं.
❌ बेअरिंग आत असताना हबवर वेल्डिंग नको. उष्णतेने सील आणि ग्रीस दोन्ही जातात.
❌ धुताना सीलवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका.

*पेरणीआधी १० मिनिटांची तपासणी*
१) यंत्र उचलून, साखळी काढून चाक हाताने फिरवा. अडखळायला नको. दोन्ही हातांनी हलवून खेळ बघा.
२) साखळी लावा. चाकावर रंगाची खूण करा. शेतात यंत्र चालवून २० फेरे मोजा आणि अंतर टेपने मोजा. ४० सेंमीच्या चाकाला ते साधारण २५ मीटर यायला हवं. २८ मीटर आलं तर चाक घसरतंय आणि बियाणंही सुमारे १० टक्के कमी पडतंय.
३) पेरताना दर दोन-तीन तासांनी मागे वळून खूण फिरतेय का बघा. चिखल चिकटला असेल तर खरवडा.

त्या सभासदांनी नांगे भरले, पण उशिरा उगवलेलं पीक मागेच राहिलं. वाफसा दोन-तीन दिवसांचा असतो, तेव्हा वर्कशॉपसमोर रांग लागते. म्हणून चाक आजच फिरवून बघा.

काही शंका वाटली तर चाकाचा आणि धुऱ्याचा फोटो याच नंबरवर पाठवा, बघून सांगते.

— तुमची कृषी सल्लागार