लंगोट, डायपर आणि घंटागाडी

ऐन आषाढात भाचीचं बाळंतपण आलं. बहीण गेल्यापासून भाचीचं माहेर म्हणजे आमचंच घर. मलमल आणून मी हौसेनं चाळीस लंगोट शिवून ठेवले होते. पण पाऊस म्हणजे नुसती धार! घरभर दोऱ्या बांधल्या. पंख्याखाली लंगोट, खुर्चीच्या पाठीवर लंगोट. इस्त्रीनं वाळवावेत तर वीज गेलेली. आणि बाळ? तासाला ओलं.

पाचव्या दिवशी जावईबापू डायपरचं मोठं पाकीट घेऊनच आले. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘आमच्या वेळी नव्हते हो असले लाड!’’

भाची कॉटवरूनच म्हणाली, ‘‘मावशी, रात्री सलग दोन तास झोप मिळाली तरी पुरे गं मला.’’

सिझेरियनचे टाके ओले, डोळ्यांखाली काळं. मी गप्प बसले. आमच्या वेळी नव्हते खरं, पण तेव्हा आईच्या जुन्या नऊवारी होत्या, वडिलांची धोतरं होती. धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. आणि लंगोट धुवायला आई होती. आता कपाटात सगळ्या सिंथेटिक साड्या. लंगोटाला फाडायचं तरी काय?

पहिला डायपर जावईबापूंनी उलटा लावला. दुपटं, गादी, त्यांची स्वतःची लुंगी, सगळं भिजलं. आम्ही पोट धरधरून हसलो. पण शिकले हं! रात्री दोनला उठून बदलू लागले. लंगोट धुवायच्या वेळी घरातले पुरुष कुठे असायचे, आठवून बघा.

आठवड्याभरात बाळाच्या जांघेत लाल चट्टे उठले. वरून कोरडा दिसतो म्हणून एकच डायपर रात्रभर ठेवला जात होता. दहा-बारा रुपयांची वस्तू, लगेच कशी टाकायची, हाही विचार. डॉक्टर म्हणाले, ‘‘डायपरपेक्षा चूक वेळेची आहे.’’ तीन-चार तासांनी बदलायचा, शी केली तर लगेच. कोमट पाण्यानं पुसून, टिपून कोरडं करायचं. पावडर नको. थोडा वेळ बाळाला उघडंच खेळू द्यायचं. दोन-तीन दिवसांत चट्टे कमी झाले नाहीत तर दाखवायला आणायचं. मग आमचं ठरलं, दिवसा लंगोट, रात्री आणि बाहेर जाताना डायपर.

सगळं मार्गी लागलं असं वाटलं. आणि एका सकाळी घंटागाडीवरच्या मावशी दारात थांबल्या.

‘‘ताई, रागावू नका. तुमची पिशवी काल फाटली. हात भरला माझा. घाईत हातमोजे नव्हते घातले. त्याच हातानं पुढं डबा खायचा असतो आम्हाला.’’

मैत्रिणींनो, बचत गटात ओल्या-सुक्या कचऱ्यावर भाषण देणारी मी! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

डायपरला बाहेरून प्लॅस्टिक असतं. आत लाकडाचा लगदा आणि पाणी शोषून फुगणारी रसायनाची भुकटी. ते खतात कुजत नाही. जाळलं तर विषारी धूर. संडासात टाकलं तर पाइप तुंबलाच. म्हणजे शेवटी कोणाच्या तरी हातातून ते जाणारच, आणि तो हात बहुतेक वेळा बाईचाच असतो. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनं असा कचरा कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची सवय लोकांना लावायचा प्रयत्न केला. 2016 च्या घनकचरा नियमांतही वापरलेले डायपर नीट गुंडाळूनच द्यावेत, असं सांगितलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. माझ्याच घरात मात्र पाळलं जात नव्हतं.

आता शी आधी संडासात टाकतो. डायपर घट्ट गुंडाळून चिकटपट्ट्या लावायच्या, वर जुनं वर्तमानपत्र, त्यावर लाल पेनानं ठळक ठिपका. पिशवी वेगळी, आणि ती हातात द्यायची. काम एका मिनिटाचं. ते जावईबापूंकडेच दिलंय.

पंधरा दिवसांनी मावशी पिशवी घेताना हसल्या. ‘‘लाल टिकली लावलेली पिशवी आली की कळतं, तुमच्या बाळाची.’’ मग जरा घुटमळून म्हणाल्या, ‘‘ताई, सुनेला नववा लागलाय. ते कसं लावतात, दाखवाल का एकदा?’’

मी आत गेले. धुतलेले दहा लंगोट आणि चार डायपर बांधून त्यांच्या हातात दिले.

‘‘लंगोट दिवसाला,’’ म्हटलं, ‘‘आणि हे रात्रीला. तिलाही झोप लागेल.’’