चौकट : धूर शुद्ध करणारा डबा, घरच्या घरी तपासताना

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर : इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामधला डबा. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. साधारण ३०० अंश सेल्सिअसला तापल्यावरच नीट काम करतो.

सक्ती : एप्रिल १९९५, चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना, सोबत शिसेविरहित पेट्रोल, कारण शिशाने थर निकामी होतो. बीएस-६ हे उत्सर्जन मानक देशभर १ एप्रिल २०२० पासून.

तपासणी
- गाडी पूर्ण थंड होऊ द्या. डब्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोका. आत खुळखुळलं, तर जाळी फुटली आहे.
- गाडी चढावर दम टाकते : जाळी चोंदलेली असू शकते.
- स्कॅनरवर ‘पी ०४२०’ : कन्व्हर्टरची क्षमता घटल्याचा इशारा. पण गळका एक्झॉस्ट किंवा बिघडलेला सेन्सरही हाच कोड दाखवतो. महागडा डबा घेण्याआधी हे पाहाच.

बदलताना : नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड हवाच. गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल. गॅस्केट नवीन.

पीयूसी (प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र) : देशाच्या नियमानुसार बीएस-४, बीएस-६ गाड्यांचं प्रमाणपत्र वर्षभर चालतं.