विश्लेषण : सायकलच्या वाटेने गावात पर्यटक आले, पण वाट कोण सांभाळणार?

टास्मानिया या ऑस्ट्रेलियाच्या बेट-राज्यात सेंट हेलन्स नावाचे मासेमारीचे छोटे गाव आहे. या गावाभोवती २०१९ च्या अखेरीस शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या माउंटन बायकिंगच्या वाटा खुल्या झाल्या. या वाटांवर टोल नाही, तिकीट नाही. डोंगरावरून निघालेला सायकलस्वार थेट समुद्राच्या वाळूत पोहोचतो. अशा फुकट वाटेवर गावाचे अर्थकारण उभे राहू शकते का, आणि राहिले तर त्याची किंमत कोण मोजतो?

सेंट हेलन्स आहे कुठे?

मेलबर्नच्या दक्षिणेला बासची सामुद्रधुनी ओलांडली की टास्मानिया लागते. लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर जॉर्जेस बे या खाडीच्या काठी सेंट हेलन्स वसले आहे. सर्वात जवळचे मोठे शहर लॉन्सेस्टन. तेथून वळणावळणाच्या रस्त्याने दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर. एकोणिसाव्या शतकात येथे आधी देवमाशांची शिकार करणारे आले. पुढे १८७०च्या दशकात मागच्या डोंगरात कथिल सापडले आणि ते बाहेर पाठवणारे बंदर म्हणून गाव वाढले. कथिल संपल्यावर मासेमारी, लाकूड आणि उन्हाळी सुट्टीत येणारे पर्यटक एवढाच आधार उरला. तेथील उन्हाळा म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. त्या काळात गावात पाय ठेवायला जागा नसते आणि उरलेल्या वर्षात सगळे सामसूम. कोकणातल्या कोणत्याही किनारी गावाला हे दुखणे समजावून सांगण्याची गरज नाही.

डोंगरावरची वाट समुद्रापर्यंत कशी जाते?

येथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गावाच्या दक्षिणेला फ्लॅगस्टाफ येथे. एकाच ठिकाणाहून निघून तेथेच परत येणाऱ्या सुमारे ६६ किलोमीटर वाटांचे हे जाळे आहे. या वाटांना रंग दिलेले असतात. हिरवी सोपी, निळी मध्यम, काळी अवघड. फ्लॅगस्टाफवर हिरव्या-निळ्या वाटांवर भर आहे, म्हणजे आई-वडील आणि दहा वर्षांचे पोर एकत्र जाऊ शकतील अशा. गावातून सायकलवरूनच तेथे पोहोचता येईल अशी जोडवाटही आहे.

दुसरी ‘बे ऑफ फायर्स ट्रेल’, लांबी ४२ किलोमीटर. नाव झाले ते हिचेच. ती ब्लू टिअर नावाच्या पठारावर पॉइमेना येथे सुरू होते. उंची समुद्रसपाटीपासून सातशे-आठशे मीटर, साधारण आपल्या माथेरानइतकी. पॉइमेना हे कधी काळी कथिल खाणकामगारांचे गाव होते. आता तिथे वस्ती नाही. शटल गाडी सायकली मागे लादून तुम्हाला वर सोडते. आधी उघड्या माळावरचे ग्रॅनाइटचे खडक, मग नेचांनी भरलेले ओलसर दाट जंगल, त्यानंतर कोरडे निलगिरीचे रान आणि शेवटी किनाऱ्यालगतची खुरटी झुडपे. एका दिवसात एवढी झाडोऱ्याची स्थित्यंतरे दाखवणारी वाट सहसा मिळत नाही. ती संपते स्विमकार्ट बीचवर, पांढऱ्याशुभ्र वाळूत. अनेक जण सायकल टाकून तसेच पाण्यात शिरतात. वाट एकूण उताराची असली तरी मध्ये चांगले चढही आहेत; ‘खालीच जायचे आहे’ म्हणून पाणी कमी घेऊन निघणाऱ्यांची दुपारी पंचाईत होते.

‘आगीचा उपसागर’ हे नाव कशामुळे?

या किनाऱ्यावरचे ग्रॅनाइटचे खडक नारिंगी-केशरी दिसतात. त्यामुळे नाव त्यांच्यावरूनच पडले असे पर्यटकांना वाटते. तो रंग दगडावर वाढणाऱ्या दगडफुलासारख्या लायकेनचा आहे आणि नावाशी त्याचा संबंध नाही. टोबायस फर्नो हा इंग्रज कप्तान १७७३ मध्ये येथून जहाजाने गेला, तेव्हा त्याला किनाऱ्यावर जागोजागी आगी पेटलेल्या दिसल्या. त्या तेथील मूळ रहिवाशांच्या होत्या. या भागाला आज त्यांचे वंशज ‘लारापुना’ म्हणतात. रिकाम्या निसर्गातून सायकल हाकत आहोत असे ज्यांना वाटते, त्यांनी हे नाव लक्षात ठेवलेले बरे.

ही कल्पना आली कोठून?

शेजारच्याच डर्बी गावातून. डर्बी हेही कथिलाचे गाव. तेथील ब्रायसिस खाणीचे नाव १८७६ मध्ये मेलबर्न कप जिंकणाऱ्या घोडीवरून पडले. ४ एप्रिल १९२९ रोजी मुसळधार पावसात खाणीचे धरण फुटले आणि १४ जणांचा बळी गेला. पुढे खाण बंद पडली, माणसे निघून गेली, घरे पडून राहिली. २०१५ मध्ये तेथे ‘ब्लू डर्बी’ या वाटा सुरू झाल्या आणि दोनच वर्षांत, २०१७ मध्ये, एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज ही जागतिक स्पर्धा त्या चिमुकल्या गावात भरली. २०१९ मध्ये ती पुन्हा आली. जेथे दुकान उघडायला कोणी तयार नव्हते तेथे सायकल दुरुस्ती, कॉफी, शटल आणि राहण्याच्या खोल्या सुरू झाल्या.

सुमारे ३१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर गुंतवले आणि वर्षाला ३० हजार पर्यटक, तीन कोटी डॉलरची उलाढाल, असा डर्बीचा हिशेब नंतर अनेक सादरीकरणांत फिरू लागला. असे आकडे थोडे सांभाळूनच घ्यावेत. पर्यटक राज्यभर फिरताना करतो तो सारा खर्च एकाच आकर्षणाच्या नावावर मांडण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण गाव बदलले हे उघड्या डोळ्यांना दिसत होते आणि शेजारच्या ब्रेक ओ’डे कौन्सिलला तेवढे पुरेसे होते. सेंट हेलन्सच्या वाटा प्रामुख्याने सरकारी निधीतून उभ्या राहिल्या. बांधकाम डर्बीप्रमाणेच ‘वर्ल्ड ट्रेल’ या कंपनीने केले. तिचे संस्थापक ग्लेन जेकब्स यांनी १९९६ च्या केर्न्स जागतिक स्पर्धेचा मार्ग आखला होता.

वाट ‘बांधतात’ म्हणजे नेमके काय करतात?

अनेकांना वाटते की जंगलात झाडोरा साफ केला की झाली वाट. प्रत्यक्षात ही पाण्याशी चाललेली लढाई असते. सरळ उतारावरून वाट नेली तर पहिल्याच पावसात तिचा ओहोळ होतो. म्हणून वाट डोंगराच्या कुशीला आडवी, छोट्या खोदयंत्राने कोरतात. तिचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा आणि सरासरी दहा टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा जगभर पाळला जाणारा ढोबळ नियम. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवतात, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता आडवे ओलांडून जाते. शिवाय थोड्या थोड्या अंतरावर उताराला मध्येच छोटा चढ देतात. सायकलस्वाराला तो मजेचा हेलकावा वाटतो. अभियंत्याच्या लेखी ती पाण्याला बाहेर काढणारी मोरी असते. वळणावर बाहेरच्या बाजूने उंच मातीचा बांध घालतात, त्याला ‘बर्म’ म्हणतात. त्यामुळे चाक निसटत नाही आणि ब्रेकही कमी लावावा लागतो.

ब्रेक हाच वाटेचा शत्रू. वळणाआधी प्रत्येक जण ब्रेक दाबतो, चाक घसटते आणि काही महिन्यांत तेथे धुण्याच्या पाटीसारख्या वळ्या उमटतात. ग्रॅनाइट झिजून झालेल्या भरड, वाळूमिश्रित मातीत पाणी चटकन जिरते, पण कोरड्या दिवसांत हीच माती सुटी होऊन बांध ढासळतात. वादळानंतर झाडे आडवी पडतात, लाकडी पूल कुजतात. आणखी एक धोका डोळ्यांना दिसतही नाही. फायटोफ्थोरा नावाचा मुळे कुजवणारा रोग मातीतून पसरतो, आणि टास्मानियाच्या किनारी झुडपांना तो विशेष घातक आहे. चाकाला लागलेला चिखल एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात गेला की रोगही जातो. म्हणून येण्यापूर्वी आणि निघताना सायकल, बूट धुण्याचा आग्रह धरला जातो. डोंगरातून दमून आलेला माणूस हे किती मनापासून करतो, हा प्रश्नच आहे.

पैसा कोणाला मिळतो, खर्च कोण करतो?

खरी अडचण येथे आहे. वाटा बांधायला सरकारी अनुदान मिळते, उद्घाटनाला मंत्री येतात. डागडुजीसाठी फीत कापायची सोय नसते. सेंट हेलन्सच्या वाटा सांभाळण्याची जबाबदारी आहे ब्रेक ओ’डे कौन्सिलवर, आणि त्याची लोकवस्ती आहे जेमतेम सात हजार. सायकलस्वाराचा पैसा शटलवाल्याला, खाणावळीला, भाड्याच्या घराच्या मालकाला मिळतो. मालक अनेकदा दुसऱ्या शहरात राहतो. वाटेवर फावडे घेऊन उभ्या माणसाचा पगार मात्र स्थानिकांच्या करातून निघतो, आणि त्यांतले बरेच जण निवृत्त, कधीही सायकलवर न बसणारे. त्यांनी ‘आमच्या रस्त्यावरचे खड्डे आधी बुजवा’ म्हटले तर चूक काय?

मग प्रवेशशुल्क का नाही? ४२ किलोमीटरच्या जंगलवाटेला फाटक लावणार कुठे, हा एक भाग. शिवाय शुल्क लावले की ‘फुकट वाट’ हे आकर्षण जाते आणि अपघात झाल्यास जबाबदारीचे प्रश्नही वाढतात. शटल तिकिटातून वाटा घेणे, देणगी घेणे, स्वयंसेवकांना हाताशी धरणे असे मार्ग जगभर वापरले जातात. त्यातून नियमित पगार निघणे कठीण.

घरांचा प्रश्नही आहेच. पर्यटकांना घर देऊन जे मिळते ते नेहमीचा भाडेकरू देऊ शकत नाही. त्यामुळे कॉफी बनवणारा, सायकल दुरुस्त करणारा तरुण राहणार कुठे, ही चिंता डर्बी आणि सेंट हेलन्स दोन्हीकडे आहे.

जंगलतोडीचा वाद काय आहे?

डर्बीभोवतीच्या जंगलाचा काही भाग लाकूडतोडीसाठी राखलेला आहे. सायकलस्वार ज्या उंच झाडांसाठी येतात, त्यांच्याच शेजारी तोड ठरल्यावर स्थानिकांनी आंदोलन केले आणि प्रकरण टास्मानियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आंदोलकांना तेथे यश आले नाही. लाकूड हा या भागाचा जुना रोजगार आहे, त्यामुळे एकाच घरात दोन्ही बाजूंची माणसे सापडू शकतात. वाट नकाशावर फक्त एक रेघ असते. तिच्या दोन्ही बाजूंचे जंगल वाटेच्या मालकीचे नसते, पण वाटेची सारी किंमत त्या जंगलात असते.

प्रयोग यशस्वी म्हणायचा का?

सुरुवातच अवघड झाली. वाटा नोव्हेंबर २०१९ मध्ये खुल्या झाल्या आणि चार महिन्यांत करोनामुळे टास्मानियाने आपल्या सीमा बंद केल्या. बाहेरचा पर्यटक जवळपास नाहीसा झाला. तरीही उन्हाळ्यानंतरच्या महिन्यांत, मार्च-एप्रिलमध्ये गावात माणसे येऊ लागली, आणि मूळ हेतू तोच होता. पण दरम्यान ऑस्ट्रेलियातल्या आणि न्यूझीलंडमधल्या अनेक गावांनी डर्बीचाच धडा गिरवला आहे. नव्या वाटा रोज कुठेतरी खुल्या होतात आणि सायकलस्वार नव्याकडे धावतो. सेंट हेलन्सकडे समुद्र आहे, तो इतरांना बांधता येणार नाही. पॉइमेनापासून स्विमकार्टपर्यंतचे ते ४२ किलोमीटर मात्र दर हिवाळ्यानंतर फावड्याने पुन्हा सरळ करावे लागतात.